मतपेटी येण्याआधीचा पुढारी

(द्वितीय वर्ष, कला)

मुंबईत ‘ससून’ हे नाव ठाऊक नसलेला माणूस सापडणे कठीण. आणि ससून हे मुळात एका माणसाचे नाव आहे हे ठाऊक असलेला माणूस सापडणे त्याहून कठीण. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर तर ससून म्हणजे मासळी उतरवायची जागा. ‘बोट ससूनला लागली’, ‘आज ससूनला भाव पडला’ ही वाक्ये मी समजू लागल्यापासून ऐकत आले आहे. माझे वडील मच्छीमार बोटीवर खलाशी आहेत. हा लेख लिहायला घेतला तेव्हा त्यांना सहज विचारले, “बाबा, ससून कोण होता?” ते म्हणाले, “कोण होता म्हणजे? तो धक्का आहे.” पुण्याकडून आलेल्या माझ्या एका वर्गमैत्रिणीला तोच प्रश्न केला, तर तिच्या मते ससून म्हणजे गरिबांचा सरकारी दवाखाना. दोघांचेही बरोबर आहे. माणूस केव्हाच गेला, त्याचे नाव तेवढे दगडाला चिकटून राहिले.

पुस्तकांत या माणसाबद्दल जे त्रोटक वाचायला मिळते त्यात एक शब्द ठरलेला असतो : दानशूर. ‘दानशूर ज्यू व्यापारी डेव्हिड ससून’. माझा वाद आहे तो या शब्दाशी. दान त्यांनी केले यात शंका नाही. पण ‘दानशूर’ म्हटले की विषय संपतो, हात जोडायचे आणि पुढे जायचे. हे दान कोणत्या शहरात, कोणत्या कायद्याखाली आणि कोणाच्या डोळ्यांसमोर झाले हे विचारायची सोयच राहत नाही. मला वाटते, डेव्हिड ससून आणि त्यांचे चिरंजीव यांचे दान हे त्यांचे राजकारण होते. आणि मतपेटी नसलेल्या शहरात परक्या माणसाला करता येण्यासारखे राजकारण बहुधा तेवढेच होते.

डेव्हिड यांचा जन्म १७९२ साली बगदादला झाला. वडील शेख ससून बेन सालेह हे तिथल्या पाशांचे खजिनदार आणि ज्यू समाजाचे प्रमुख. म्हणजे सत्तेची ऊठबस घरात पिढीजात होती. पण ती कसली सत्ता? पाशाची मर्जी आहे तोवर खजिन्याच्या किल्ल्या कमरेला. मर्जी फिरली की किल्ल्याही गेल्या आणि कदाचित मानही. दाऊद पाशाच्या अमदानीत मर्जी फिरली. श्रीमंत ज्यूंकडून पैसा उकळण्याचा सपाटा सुरू झाला आणि डेव्हिड यांना बगदाद सोडून इराणच्या किनाऱ्यावरील बुशहर बंदरात पळून जावे लागले. तेथून १८३२च्या सुमारास ते मुंबईस आले. तेव्हा वय चाळिशीचे. चाळिशीत माणूस परमुलखात नवे दुकान मांडतो ते काही हौसेने नव्हे.

काळ मात्र अनुकूल होता. १८३३च्या सनदी कायद्याने चीनच्या व्यापारातील ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी संपली आणि खाजगी पेढ्यांना रान मोकळे मिळाले. १८४२च्या नानकिंग तहानंतर चीनची पाच बंदरे उघडली. डेव्हिड यांनी एकेका मुलाला एकेका बंदरी पाठवले. पेढी मुंबईत आणि डोळे चीनकडे, अशी त्यांची मांडणी होती.

या सबंध उद्योगात त्यांना इंग्रजी येत नव्हते. अरबी, हिब्रू, तुर्की, फारसी येत होत्या. हिंदुस्थानी इथे येऊन शिकले. पेढीचा पत्रव्यवहार अरबी भाषेत पण हिब्रू अक्षरांत चाले. १८५३ साली ते रीतसर ब्रिटिश प्रजाजन झाले, त्या कागदावर त्यांनी सही केली ती हिब्रूत! हा तपशील वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले. माझ्या अकरावीच्या वेळी एका कचेरीत इंग्रजी छापील अर्जावर वडिलांनी मराठीत सही केली, तर खिडकीतला माणूस म्हणाला, “इंग्रजीत येत नाही का?” वडील ओशाळले. आणि हे शेट राणीच्या कागदावर आपल्या लिपीत सही करून मोकळे! त्यांना तसे विचारण्याची कोणा कारकुनाची छाती झाली नसेल, कारण त्यांच्या सहीमागे मालाने भरलेली जहाजे उभी होती. माझ्या वडिलांच्या सहीमागे जी बोट आहे ती दुसऱ्याची आहे.

आता त्या वेळच्या मुंबईचे राजकारण म्हणजे काय चीज होती ते पाहिले पाहिजे. गव्हर्नर विलायतेतून यायचा. शहराचे रस्ते, गटारे, दिवाबत्ती, घरपट्टी हा कारभार सरकारने नेमलेल्या जस्टिस ऑफ दि पीस, म्हणजे जे. पी. मंडळींच्या हाती असे. १८३०च्या दशकात जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभाई अशा हिंदी गृहस्थांनाही या पदावर नेमू लागले. पण नेमणूक ती नेमणूकच. मत नावाची वस्तू शहरात नव्हती. ज्याला शहराच्या कारभारात आपला शब्द चालावा असे वाटे त्याच्यापाशी दोनच साधने होती. एक म्हणजे अर्ज आणि दुसरे म्हणजे देणगी. अर्ज पुष्कळांचे असत, ते फायलीत जात. देणगीची इमारत रस्त्यावर उभी राही, तिच्या उद्घाटनाला गव्हर्नर येई, आणि गव्हर्नरशेजारच्या खुर्चीवर कोण बसला आहे हे सारे शहर पाही.

या दृष्टीने ससूनांच्या देणग्या पुन्हा वाचाव्यात. १८५७ साली बालगुन्हेगारांसाठी सुधारगृह. ते साल लक्षात घेण्यासारखे आहे. उत्तरेत उठाव पेटला होता आणि डेव्हिड ससून उघडपणे इंग्रजांच्या बाजूने उभे होते. आज आपल्याला ते रुचत नाही. मलाही रुचत नाही. पण एक राज्य उलटताना काय होते हे बगदादेत अंगावर घेऊन आलेला माणूस दुसरे राज्य उलटू नये म्हणून धडपडला, तर नवल वाटायला नको. १८६१ साली भायखळ्याला मागेन डेव्हिड हे प्रार्थनामंदिर. मग पुण्याचे ‘लाल देऊळ’ आणि दवाखाना. हे दोन्ही १८६७ साली तयार झाले. डेव्हिड त्यापूर्वीच, १८६४ साली, पुण्यात वारले, आणि त्यांची कबर त्या लाल देवळाच्या आवारातच आहे. १८७०मध्ये मुंबईला किल्ल्यातील ग्रंथालयाची इमारत पुरी झाली. म्हणजे मुलगा बिघडला, माणूस आजारी पडला, कारागिराला वाचायचे झाले, तर दार ससूनांचे. जी कामे कर घेणाऱ्या सरकारने करायची, त्यांतली कितीतरी एका निर्वासित माणसाने केली, आणि सरकारने त्याबद्दल त्याचे आभार मानले. सरकारला याहून स्वस्त सौदा तो कोणता?

आता हा पैसा आला कोठून? आडपडदा न ठेवता लिहायचे तर त्यातला मोठा वाटा अफूचा होता. माळव्यात, शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकणारी अफू मुंबईत येई, तिच्यावर कंपनी सरकार पेटीमागे कर घेई, आणि ती जहाजांतून चीनला जाई. चीनच्या बादशहाची तिच्यावर बंदी होती. दोन युद्धे करून ती बंदी मोडून काढण्यात आली. ससून माळव्यातल्या व्यापाऱ्यांना आगाऊ रकमा देत, माल आपल्याकडे वळवीत. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या धंद्यातल्या सर्वांत बड्या पेढ्यांत त्यांची गणना होऊ लागली. चीनमधली किती घरे बसली तेव्हा मुंबई-पुण्यातल्या या इमारती उठल्या, याचा हिशेब कोणत्या कोनशिलेवर कोरलेला नाही.

तथापि येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. ‘अफूवाला ज्यू’ असे म्हणून नाक मुरडणारे काही लोक असतात, आणि त्यांच्या बोलण्यात अफूपेक्षा ‘ज्यू’वर जोर अधिक असतो. ते अन्यायाचे आहे. ज्या जमशेटजी जीजीभाईंच्या नावाने मुंबईचा दवाखाना आहे त्यांचीही संपत्ती चीनच्या याच व्यापारातून आली. मारवाडी, गुजराती, इंग्रज, स्कॉच, सगळेच त्यात होते, आणि सर्वांत मोठा भागीदार स्वतः सरकार होते. बंगालमध्ये तर सरकारच अफूचे मक्तेदार! तेव्हा दोष द्यायचा तर तो साऱ्या शहराला द्यावा लागेल, आणि त्या शहराच्या पैशावर पुढे जे शिकले, बरे झाले, पोसले गेले त्यांनी तो ऐकून घ्यावा लागेल. त्यांत आम्ही कोळीही आलो, कारण आमची मासळी त्यांच्याच धक्क्यावर उतरते.

मला डेव्हिड ससून यांच्या चरित्रात अफूपेक्षाही अधिक खटकलेली गोष्ट वेगळीच आहे, आणि ती आमच्या जिल्ह्याशी निगडित आहे.

ससून मुंबईत येण्यापूर्वी कितीतरी शतके कोकणात ज्यू राहत होते. बेने इस्रायल हे ते लोक. जहाज फुटून अलिबागजवळच्या नवगावला त्यांचे पूर्वज लागले अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. भाषा मराठी, बायकांची लुगडी मराठी, आडनावे आमच्याच गावांची : दिव्याचे दिवेकर, किहीमचे किहीमकर, राजपुरीचे राजपुरकर. यांच्यातील सॅम्युएल दिवेकर या कंपनीच्या फौजेतल्या अंमलदाराने १७९६ साली मुंबईत मांडवी भागात पहिले प्रार्थनामंदिर बांधले. बेने इस्रायल आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत. मशीद बंदरचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात.

म्हणजे बगदादहून परागंदा होऊन आलेल्या माणसाला मुंबईत स्वधर्माचे लोक आयतेच भेटले. मग काय झाले? १८३६ साली, मुंबईत येऊन उणीपुरी चार वर्षे झाली असतील नसतील, डेव्हिड ससून आणि आणखी काही बगदादी गृहस्थांनी सरकारकडे अर्ज केला की ज्यूंच्या दफनभूमीत मध्ये भिंत घालावी. एका बाजूला बेने इस्रायल, दुसऱ्या बाजूला आम्ही. त्या काळ्या, मराठी बोलणाऱ्या, तेल गाळणाऱ्या, शिपाईगिरी करणाऱ्या लोकांचे रक्त आणि आचार शुद्ध आहेत की नाहीत अशी बगदाद्यांना शंका होती. वाचकहो, मेलेल्या माणसांच्या मध्ये भिंत! ज्या गावात दोन विहिरी आणि दोन मसणवटे असत त्या गावच्या मुलीला ही कल्पना नवी नाही. नवल एवढेच वाटते की इथे येऊन इंग्रजी शिकायला ज्यांना सवड झाली नाही, त्यांना हे मात्र चार वर्षांत शिकता आले.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. देणगीच्या राजकारणात देणाराच ठरवतो की आपले कोण. दवाखाना सर्वांना, शाळा काहींना, कबरीची जागा आणखी थोड्यांना. ज्याला मिळाले त्याने आभार मानावेत, ज्याला मिळाले नाही त्याने कोणाकडे दाद मागावी? ते शेटजींचे घरचे आहे, त्यांची खुशी.

डेव्हिड यांच्यामागे थोरले चिरंजीव अब्दुल्ला पेढीचे धनी झाले. त्यांनी नाव बदलून आल्बर्ट केले, यातच सारे आले. बापाने हिब्रूत सही केली, मुलाने राणीच्या नवऱ्याचे नाव घेतले. १८६८ साली सरकारने आल्बर्ट ससून यांना मुंबईच्या कायदे कौन्सिलात नेमले. बाप अर्ज घेऊन दाराशी उभा होता, मुलगा आत खुर्चीवर बसला. निवडून त्याला कोणी दिले नव्हते, निवडून कोणालाच कोणी देत नव्हते. १८७२ साली ‘सर’ झाले. १८७५मध्ये कुलाब्याला समुद्र हटवून त्यांनी धक्का बांधला, तो आमचा ससून डॉक. जहाजे आत घेऊन माल उतरवता येईल अशी गोदी सरकार बांधीत नव्हते, ती एका व्यापाऱ्याने बांधली, आणि मग सरकारला जाग येऊन १८८०मध्ये प्रिन्सेस डॉक झाला. हे काम मला साऱ्या देणग्यांपेक्षा मोलाचे वाटते, आणि गंमत म्हणजे ही देणगी नव्हतीच, तो धंदा होता.

त्याच १८७५ साली मुंबईत आणखी एक गोष्ट घडली, पण तिचा बोलबाला झाला नाही. हाईम सॅम्युएल किहीमकर या बेने इस्रायल गृहस्थाने भावांच्या मदतीने आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. किहीम आमच्या कॉलेजपासून फार दूर नाही. ज्यांच्या मढ्यांना भिंतीपलीकडे ठेवावे असा अर्ज झाला होता त्यांच्या मुलांना बाराखडी शिकवायला समाजातलाच एक माणूस उभा राहिला. आज ती शाळा एली कदूरी या नावाने ओळखली जाते. कदूरी म्हणजे ससूनांच्याच पेढीत उमेदवारी करून पुढे चीनकडे बडे व्यापारी झालेले बगदादी. त्यांच्या देणगीने शाळा जगली हे खरे. पण पाटीवर किहीमकर नाहीत!

आता ‘काळा घोडा’. १८७५च्या अखेरीस राणीचे युवराज मुंबईस आले, त्याची आठवण म्हणून आल्बर्ट ससून यांनी युवराजांचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला. तो १८७९ साली उभा राहिला. मधल्या काळात दख्खनमध्ये १८७६ ते ७८चा भयंकर दुष्काळ होऊन गेला होता. त्यानंतर लवकरच, १८८० साली, व्हाइसरॉय लिटन पुण्यास यायचे होते. पुणे नगरपालिकेने त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये मंजूर करण्याचा ठराव आणला. एकट्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणाले. फुले हेही सरकारनियुक्तच सभासद होते, त्यांनाही कोणी मत दिले नव्हते. पण एकाने नेमणुकीची खुर्ची मिळाल्यावर राजपुत्राचा पुतळा दिला, आणि दुसऱ्याने त्याच प्रकारच्या खुर्चीवरून राजप्रतिनिधीच्या हारतुऱ्यांना नकार दिला. फुल्यांना हे का जमले? ते करदात्यांच्या पैशाबद्दल बोलत होते. ससूनांनी तर आपल्याच पैशाचा पुतळा दिला, त्यांना कोण काय बोलणार? पुतळा १९६५ साली राणीच्या बागेत हलवला गेला, जागेचे नाव मात्र काळा घोडाच राहिले. २०१७ साली तिथे पुन्हा एक काळा घोडा आणून उभा केला आहे. त्यावर स्वार नाही. ते एक बरे केले.

या सगळ्याच्या मध्ये शहरात दुसरी एक हालचाल झाली होती. १८६५च्या कायद्याने मुंबईला म्युनिसिपल कमिशनर मिळाला. आर्थर क्रॉफर्ड हे ते साहेब. माणूस कर्तबगार, पण खर्चाला धरबंध नाही. पाणी, रस्ते, मंडई सारे झाले आणि तिजोरी रिकामी झाली. १८७१ साली घरपट्टी भरणारे लोक खवळून उठले. सभा झाल्या, पत्रके निघाली. फिरोजशहा मेहता हा तरुण वकील त्याच वादात पुढे आला. आमचा पैसा, मग हिशेब आम्हाला द्या, एवढेच त्यांचे म्हणणे. परिणामी १८७२चा कायदा झाला : ६४ सभासद, त्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे. १८७३मध्ये निवडणूक झाली. मत ठरावीक कर भरणाऱ्यांनाच होते, म्हणजे हमाल, गिरणीवाला, कोळीण यांना नव्हतेच. तरी मतपेटी एकदा शहरात आली.

आणि याच सुमारास आल्बर्ट ससून लंडनला राहायला गेले. या दोहोंचा संबंध होता असे मी म्हणत नाही. व्यापाराची नाडी तिकडे होती, मानमरातबही तिकडेच होता. १८९०मध्ये ते बॅरोनेट झाले. घराण्यातले काही इथे राहिले, त्यांनी गिरण्या काढल्या. पण देणाऱ्याला शहर सोडून जाता येते, ही गोष्ट डोळ्यांत भरते. धक्क्यावर पाटी डोक्यावर घेतलेल्या बाईला जाता येत नाही.

पुढे १९३७ साली मुंबईचे महापौर कोण झाले? डॉ. एलिजा मोझेस राजपुरकर. बेने इस्रायल! शनवार तेल्यांच्या कुळातला डॉक्टर, त्याच शहराचा पहिला नागरिक झाला. त्यांना महापौरपद मिळाले ते निवडून आलेल्या सभागृहात, हात वर झाले म्हणून. तेव्हाही मताचा हक्क सर्वांना नव्हता. तो १९४८च्या महापालिका निवडणुकीत आला, आणि मग धक्क्यावरच्या बाईच्या मताला ससूनांच्या वारसाच्या मताइतकीच किंमत आली. ससून मुंबईला आले त्याला तेव्हा एकशे सोळा वर्षे झाली होती.

एवढे पुराण कशाला लावले, असे कोणी विचारील. त्याचे कारण सांगते.

मागच्या वर्षी मला अठरा पुरी झाली. मतदार यादीत नाव आले. आमच्या घरात आजीपासून सर्वांनी मत दिलेले आहे, पण यादीतले आपले नाव आपण वाचून पाहिलेले असे मी पहिलीच. काही महिन्यांनी गावच्या ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. मग एका संध्याकाळी देवळात बैठक झाली. बैठकीला बायका नव्हत्या, आम्हाला बोलावणे नव्हते. कंत्राटाची कामे घेणाऱ्या एका गृहस्थाने सांगितले की निवडणूक बिनविरोध होणार असेल आणि सदस्य मी सांगेन ते असतील, तर सभामंडपासाठी अकरा लाख देतो. बाकीच्यांनी अर्ज मागे घेतले. नारळ फुटला. मतदान झालेच नाही. मी पहिल्या मताची वाट पाहत होते, ते एका रात्रीत सभामंडपाच्या पत्र्याखाली गेले.

हे आमच्याच गावी झाले असे नाही. जानेवारी २०२१मध्ये नाशिक आणि नंदुरबार जिल्ह्यांतील एकेका गावची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली होती, कारण तिथे सरपंचपदाचा चक्क लिलाव झाला होता. आमच्याकडे लिलाव पुकारला नाही एवढेच. शिवाय ‘बिनविरोध’ या शब्दाला आपल्याकडे फार मान आहे. बिनविरोध गावांना बक्षिसे जाहीर करणारे पुढारी आहेत. भांडण नको, तंटा नको, पैसा वाचतो, असे म्हणतात. मला विचाराल तर आमच्या गावात तंटा नाही हे खरेच नाही. पाण्याची वेळ, वाड्यातली गटारे, सुकटीच्या ओट्याची जागा यावरून रोज तंटा आहे. तो मिटवायचा कुठे, एवढाच प्रश्न होता, आणि ती जागाच बंद झाली.

गावातले एक जाणते गृहस्थ मला म्हणाले, “तू इतिहास शिकतेस ना? मग मोठमोठ्या शेटांनी देणग्या देऊनच मुंबई उभी केली, हे वाचले नाहीस का?” त्यांना तोंडी जे नीट सांगता आले नाही ते इथे लिहिते. डेव्हिड ससून यांनी कोणाचे मत विकत घेतले नाही. घ्यायला शहरात मत नव्हतेच. त्यांच्यापुढे दोन रस्ते होते, बगदादसारखे पाशाच्या मर्जीवर जगायचे किंवा इमारती बांधून गव्हर्नरची मर्जी आणि शहराचा मान मिळवायचा. त्यांनी दुसरा धरला. त्यांच्या अफूला आणि त्या भिंतीच्या अर्जाला जे म्हणायचे ते मी म्हटले आहे. पण बंद दाराच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाने देणगीची शिडी लावली, याला मी नावे ठेवत नाही. आमच्या कंत्राटदारांना दार सताड उघडे होते. अर्ज भरायचा, घरोघर फिरायचे, माझ्या आईच्या ओट्यावर बसून गटाराचे काय करणार ते सांगायचे. त्यांनी आत येऊन दार लावून घेतले. १८३२ साली जो नाइलाज होता तो आज आम्ही अकरा लाखांना परत आणला, आणि वर नारळ फोडला.

‘पण पैसा तर गावात आला ना?’ हा दुसरा प्रश्न. आला. सभामंडपाचे खांब उभे आहेत, काम चांगले होईल असे दिसते. पुण्याच्या त्या दवाखान्यात आज सरकारचे, म्हणजे तुमचे-आमचे पैसे खर्च होतात. तिथे औषध मिळाले नाही तर रुग्ण तक्रार करू शकतो, कारण तो आता ससूनांच्या दारचा याचक राहिलेला नाही. सभामंडप गळला तर मी कोणाकडे तक्रार करू? आणि गटाराचे कंत्राट उद्या त्याच गृहस्थांना गेले तर ग्रामपंचायतीत कोण विचारणार? सगळे सदस्य त्यांनीच सांगितलेले.

एक गोष्ट मात्र शिल्लक होती, ती म्हणजे ग्रामसभा. तिला बोलावणे लागत नाही, यादीत नाव असले की पुरते. २ ऑक्टोबरच्या सभेला मी आणि माझी आई, शेजारच्या दोन काकू अशा चौघी जाऊन बसलो. मी उभी राहून विचारले की अकरा लाख कोणाच्या नावावर जमा झाले, आणि पंचायतीने गेल्या सहा महिन्यांत कोणकोणती कामे कोणाला दिली. थोडी कुजबुज झाली. मागून एक जण म्हणाला, “खलाशाची पोर हिशेब विचारायला लागली.” ग्रामसेवकांनी प्रश्न वहीत लिहून घेतला, नीट लिहिला की नाही ते मी जवळ जाऊन वाचून पाहिले. उत्तर पुढच्या सभेत देतो म्हणाले. ती सभा २६ जानेवारीला आहे.